लायसन्शिएट: हलकं की जड?

“रोमपावत गई पोर, नि आडकनी धुयामा!” धुळ्याच्या समकक्षता कक्षाच्या बाकड्यावर वनाआबा लेकीच्या कानाशी कुरकुरले.

मेघा चर्चच्या शिष्यवृत्तीवर रोमला शिकून आली होती. शिरपूरच्या एका कॉलेजात शिकवायची जागा तिला मिळत होती. अट एकच, पदवीची पातळी सोमवारपर्यंत सरकारकडून लिहून आणायची. नाहीतर जागा दुसऱ्याला.

“पोपच्या विद्यापीठात तीन पायऱ्या असतात,” तिनं कक्षाच्या साहेबांना समजावलं. “बॅकलॉरिएट, लायसन्शिएट, डॉक्टरेट. माझ्या दोन झाल्या.”

“मान्यता कोणत्या राज्याची?”

“व्हॅटिकनची.”

“सरकार कुणाचं तिथं?”

“पोपचं.”

“युतीचं, की एकट्याचं?”

“एकट्याचंच.”

“म्हणजे स्थिर आहे,” साहेब सुखावले. “पण बॅकलॉग असताना वरची पायरी दिलीच कशी?”

“बॅकलॉग नाही साहेब, बॅकलॉरिएट.”

“नाव काहीही द्या, ताई. राहिलेला विषय तो राहिलेलाच.”

कारकून सुकदेवभाऊंनी मग नियमच काढून दाखवला. लायसन म्हटलं की प्रकरण जळगावच्या वाहन परवाना शाखेचं.

परवाना शाखेनं अर्ज आदरानं घेतला. हलकं की जड, एवढंच विचारलं.

“तसं जडच आहे,” मेघा भाबडेपणानं म्हणाली.

लगेच चाचणी लागली. वाहन नव्हतं, म्हणून मैदानात चालतच आठचा आकडा काढायचं ठरलं. वळणावर वनाआबांनी तोंडानं हॉर्न दिला. आठ असा सुबक उमटला, की रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकांनी शेरा मारला, ‘उमेदवाराने वारंवार पाय टेकवले. नापास.’

पुन्हा धुळे. शेरा वाचून साहेब गहिवरले.

“ताई, आमची सहानुभूती आहेच हो. पण जिला साधं लायसन मिळेना, तिच्या हाती पोरं कशी सोपवायची?”

सुकदेवभाऊंनी मान हलवली. डोक्यावरच्या पंख्यानंही.

वनाआबा ताडकन उठले. “साहेब, कागद बठ्ठास्नी, समद्यास्नी दखा. पोर काय शिकनी, हाई कोनीच इचारं नही!”

साहेबांनी सुकदेवभाऊंकडे पाहिलं, सुकदेवभाऊंनी खिडकीकडे, आणि इतका वेळ कान लावून मजा ऐकणाऱ्या रांगेनं आपापल्या फायलींकडे.

आबा तावातावानं लेकीकडे वळले, आणि हळूच तिच्याशेजारी बाकड्यावर टेकले.

“मी बी नही इचारं… काय शिकनी वं माय तू तठे?”