हलला का खांदा?

बीड जिल्ह्यातल्या साठीच्या बाईनं परदेशी गिटारवर जीव टाकायचा, तर परवानगी कुणाकडून काढायची? तुम्हीच सांगा. आमच्या परळीत कौसाआत्याकडे बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या कानात आत्यानं एकदा तरी इयरबड खुपसलेला आहे.

खुपसलेलाच. विचारणं वगैरे नाही. भाजीवाली वांगी तोलत असते, तेवढ्यात आत्या तिच्या डाव्या अंगाला येते. एक बड स्वतःच्या कानात, दुसरा भाजीवालीच्या. बिनवायरचं यंत्र, चार हात लांब राहिलं तरी वाजतं. पण आत्या पार चिकटून उभी राहते आणि डोळे वटारून भाजीवालीच्या डाव्या खांद्याकडे बघते.

"हलला का?"

"काय हलला, बाई? काटा?"

"खांदा गं!"

खांदा आपोआप हलला तर गाणं पास. नाही हलला तर नापास, आणि वांगीही नकोत.

आत्याचा लाडका गायक एकच. नाव तिच्या जिभेवर बसत नाही. कॅसेटवरच्या फोटोत त्याच्या डोक्यावर टोपी होती, म्हणून तो 'टोपीवाला'. त्याची सगळी गाणी ऐकून संपली आणि तो तर आता नवं गात नाही. तेव्हा आत्या त्याच्यासारखा दुसरा शोधते. फोनमध्ये 'यासारखं आणखी' दाखवायची सोय आहे हे कळलं, त्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले. साडीच्या दुकानात बसल्यासारखी ती एकेक गाणं उलगडते. "पदर नवा चालंल. काठ तोच पायजे."

एकदा चौसाळ्याला जाताना तिनं एसटीच्या कंडक्टरला गाठलं. त्याचे दोन्ही खांदे हलले! आत्या ओरडली, "घावला! टोपीवाल्याचा भाऊ घावला!" अख्खी एसटी टाळ्या वाजवायला लागली. मग गाडी गुळगुळीत रस्त्याला लागली आणि खांदे थांबले.

"खड्ड्यातलं मत बाद," आत्या म्हणाली आणि तिकीट मागून घेतलं.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरी जयंतीच्या गाण्यांनाही अर्थ विचारला जायचा. मी एकदा तिला धरलंच. "आत्या, तुझा टोपीवाला कशाबद्दल गातो? कष्टकऱ्यांबद्दल एक तरी ओळ आहे का?"

"मला काय म्हाईत? इंग्रजी हाय."

"मग ऐकतेस कशाला?"

"तुझी पत्रकं तर मराठीत हायत ना गं? वाचून कुणाचा खांदा हललाय का?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

गेल्या रविवारी दुपारी ती धापा टाकत आली. ईशान्येकडच्या चार पोरींचा बँड, नवं कोरं गाणं. बड माझ्या कानात आणि आत्या चिकटून शेजारी. मी ठरवून ताठ बसले होते. आधी गिटार, मग ढोल, मग त्या पोरी अशा काही एकदम सुटल्या, की माझा खांदा मला न विचारता वर गेला. पुन्हा गेला!

"हलला! पोरीचा खांदा हलला!" आत्यानं खिडकीतून गल्लीला कळवलं. "काठ तोच हाय गं, तोच हाय!"

मीही ओरडत होते. तिसऱ्यांदा गाणं लावलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. "आत्या, तुझा कुठं हलतोय?"

तिनं गाणं थांबवलं.

"माझा कावून हलंल? ह्यांचा हलायचा."

हे म्हणजे गौतममामा, आत्याचे यजमान. थर्मल वीजकेंद्रात कोळशाकडे कामाला होते. भुवयांत राख घेऊन घरी यायचे. वरातीत लोक हात धरून ओढायचे, तरी विजेच्या खांबासारखे उभे. दोन उन्हाळ्यांपूर्वी गेले.

"सासू-सासरे निजलेले असायचे," आत्या म्हणाली. "मग इअरफोन लावायचा. एक कान माझा, एक ह्यांचा. वायर लई आखूड. चिकटून बसावं लागायचं. टोपीवाला सुरू झाला की ह्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा. तोंडानं कधी काय बोलले न्हाईत. पर खांदा बोलायचा."

तिनं गाणं पुन्हा लावलं. मी आणखी सरकून बसले.

परळीच्या बाजारात ती तुम्हालाही गाठेल. गाणं नाही आवडलं तर तोंडावर सांगा, तिला खोटं चालत नाही. पण एवढं करा. ते संपेपर्यंत लांब सरकू नका.