विश्वासभंगाची तारीख

लिफ्ट-तपासनीस आणि त्यांची पत्नी बाइंडरबाई यांचा घटस्फोट कोणतीही खळखळ न होता मंजूर झाला. कारण स्पष्ट होते. गेल्या वर्षी एका दुपारी चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये एक लिफ्ट पन्नास मिनिटे अडकून राहिली. दार उघडले तेव्हा आत तपासनीस होते, त्या इमारतीतल्या दंतवैद्यबाई होत्या, आणि लिफ्टमध्ये कोणताही बिघाड नव्हता. तसे प्रमाणपत्र तपासनिसांनीच आदल्या दिवशी दिले होते.

उरली मालमत्ता. विभाजन कार्यालयाने सहा खुर्च्या तीन-तीन वाटल्या. मिक्सरचे भांडे नवऱ्याला आणि मोटर बायकोला दिली, त्यामुळे दोघांनाही न्याय मिळाला आणि चटणी कुणालाच मिळाली नाही. मग घराची पाळी आली.

घर तीन खोल्यांचे, तपासनिसांच्या नावावर. मागच्या खोलीत बाइंडरबाईंचे कागद कापायचे यंत्र होते. खिडकीला गज बसायच्या आधी ते क्रेनने आत घेतले होते आणि चार बोल्टांनी जमिनीला ठोकले होते. ते दारातून बाहेर निघणे शक्य नव्हते. ती खोली गेली तर यंत्र गेले, आणि यंत्र गेले तर बाइंडरबाईंचा धंदा बसला.

नियम सतरा (क) सोपा होता. विश्वासभंगाच्या तारखेपर्यंत घेतलेले सगळे दोघांचे. त्यानंतर घेतलेले, ज्याच्या नावावर त्याचे. घर सहा वर्षांपूर्वी घेतलेले. दंतवैद्यबाईंचे प्रकरण तीन वर्षांपूर्वीचे. त्यांच्या नोंदवहीत पहिल्या भेटीची तारीखही होती, पुढे 'खालची डावी दाढ' असा शेरा होता. म्हणजे घर अर्धे-अर्धे.

तपासनिसांनी नियम दोनदा वाचला आणि पुढच्या तारखेला अर्ज दिला: माझा पहिला विश्वासभंग दंतवैद्यबाईंसोबतचा नसून सात वर्षांपूर्वीचा आहे, तरी तो ग्राह्य धरावा.

"म्हणजे आधीही कुणी होती?" बाइंडरबाईंनी विचारले.

"होती," तपासनीस म्हणाले. "सांगायचं राहून गेलं."

"साहेब, हा साफ खोटं बोलतोय!" बाइंडरबाई उठून उभ्या राहिल्या. "माझा नवरा तसा नव्हता!"

विभाजन अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी घटस्फोटाच्या आधी अनेकदा ऐकले होते. नंतर प्रथमच ऐकत होते.

"त्या बाईंचं नाव?"

"नाव सांगणार नाही. तिच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"हरकत नाही. 'इतर' या सदरात टाकतो. साक्षीदार?"

तपासनिसांच्या बाजूने त्यांच्या मातोश्री पुढे आल्या. लग्न जुळवताना 'आमचा मुलगा मान वर करून बघत नाही' असे याच बाईंनी सांगितले होते.

"पहिल्यापासूनच वाया गेलेला आहे हो," त्या म्हणाल्या. "बापाच्या वळणावर गेला. मी कपाळ बडवून घेतलं, पण ऐकेल तर शपथ."

"आई म्हणून हे सांगताना वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण तीन खोल्या आहेत, साहेब."

बाइंडरबाईंच्या बाजूने त्यांचे थोरले भाऊ आले. लिफ्टचे प्रकरण कळले तेव्हा ते तपासनिसांचे तंगडे मोडायला निघाले होते आणि त्यांना तिघांनी धरून ठेवले होते. ते म्हणाले, "आमचे दाजी म्हणजे देवमाणूस."

"संबंधित कालावधीपुरते," अधिकाऱ्यांनी दुरुस्ती केली.

"कालावधीपुरते देवमाणूस. नंतर नालायक."

"'नंतर' आपल्या कक्षेत येत नाही."

मग बाइंडरबाईंचा जबाब झाला. नवरा एकनिष्ठ होता हे नुसते म्हणून भागणार नव्हते, उदाहरण द्यायचे होते. 

"घर घ्यायच्या आदल्या वर्षी माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चारशे वह्यांचं काम अंगावर. हा कामावरून यायचा, हात धुवायचा आणि मी सांगेन तसा शिवत बसायचा. दोन महिने. बोटांना सुया टोचून टोचून चाळणी झाली होती, पण एक वही वाकडी गेली नाही. बाहेर लफडं असलेल्या माणसाला एवढी सवड असते का, साहेब?"

तपासनीस आपल्या बुटांकडे बघत होते.

"तीन वाकड्या झाल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "मी लपवल्या. तू चिडली असतीस."

"मला माहीत होतं," बाइंडरबाई म्हणाल्या. "पलंगाखाली होत्या."

अधिकाऱ्यांनी लेखणी थांबवली. "लपवल्या म्हणजे? हा विश्वासभंग धरायचा का?"

"धरता येईल?" तपासनिसांनी आशेने वर पाहिले.

अधिकाऱ्यांनी नियमावली चाळली. "नाही. वह्या या व्याख्येत बसत नाहीत."

निकाल राखून ठेवणार इतक्यात दंतवैद्यबाई आल्या. दवाखान्यातून तडक आल्या होत्या; मास्क अजून हनुवटीवर होता.

"माझ्या आधी एक होती म्हणे?" त्यांनी तपासनिसांना विचारले.

"अगं, ते फक्त कागदोपत्री."

"कागदोपत्री? तीन वर्षं मला सांगतोयस, आयुष्यात पहिल्यांदाच पाय घसरला म्हणून! त्यावर मी माझं घर मोडलं! आता एक काय ते सांग. दाढ किडलेली तरी असते, नाहीतर नसते."

तपासनिसांनी अधिकाऱ्यांकडे पाहिले, मातोश्रींकडे पाहिले. मातोश्री डोळ्यांनी तीन खोल्या दाखवत होत्या.

"पहिली तूच," ते पुटपुटले.

"मोठ्याने," अधिकारी म्हणाले. "नोंदीत घ्यायचंय."

बाइंडरबाईंचे यंत्र जागेवर राहिले. मागची खोली आणि स्वयंपाकघराची सिंकपर्यंतची बाजू त्यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पाते खाली आल्याचा आवाज साऱ्या मजल्याने ऐकला.

मात्र निकालासोबत तपासनिसांनाही एक कागद मिळाला, कारण नियमात तसे होते: सदर इसम लग्नापासून सहा वर्षे पूर्णतः एकनिष्ठ होते, हे सखोल चौकशीअंती प्रमाणित करण्यात येते. खाली गोल शिक्का. दंतवैद्यबाईंनी तो चौकटीत बसवून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावला. गाल सुजलेल्या बायका तो वाचू लागल्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना विचारू लागल्या, "तुमच्याकडे आहे का असं काही?"

कुणाकडेच नव्हते. साऱ्या शहरात एकनिष्ठतेचे अधिकृत प्रमाणपत्र असलेला एकच पुरुष होता, आणि तो लिफ्टमध्ये सापडलेला होता.

आता विभाजन कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीवर या प्रमाणपत्रासाठी नवऱ्यांची रांग असते. बायकांनाही अर्ज करता येतो, अशी पाटी नंतर लावली. रांग तेवढीच राहिली, फक्त बोलणे कमी झाले. तीनशे बारा अर्ज गेले, भरून एकही परत आलेला नाही. अधिकाऱ्यांना यात नवल वाटत नाही. त्यांच्या मते नुसते एकनिष्ठ असून काही होत नाही. ते सिद्ध होण्यात दुसऱ्या कुणाचा तरी अर्ध्या घराएवढा फायदा असावा लागतो.

अर्ज एका पानाचा आहे. जोडीदाराचा जबाब लागत असल्याने तो घरी न्यावा लागतो, आणि रांग तिथेच पांगते. एवढे वाचून तुम्ही शेजारच्या खुर्चीकडे पाहिले असेल. तिकडूनही कुणीतरी पाहिले असेल. नजर आधी कुणी वळवली, एवढाच रकाना भरायचा आहे.