पूर्वपाहणीची दिशा

"सरकारी मराठी वाचायला नुसते डोळे पुरत नाहीत, त्याला खानदानी बुद्धी लागते," असं म्हणून परिपत्रकांनी हातातला कागद उजेडात धरला.

"ती फ्रीजची वॉरंटी आहे," बायको म्हणाली. "पत्र तुमच्या कोपराखाली आहे."

परिपत्रक हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गावाने ठेवलं. सत्तावीस वर्षं त्यांनी एका कचेरीत आवक-जावक सांभाळली. कागद आला की शिक्का, कागद गेला की शिक्का. आत काय लिहिलंय ते वाचायची पाळी कधी आली नाही, त्यामुळे सगळे कागद आपल्याला कळतात हा त्यांचा विश्वास निवृत्तीपर्यंत शाबूत राहिला. निवृत्तीनंतर त्यांनी तीन एकर जमीन घेतली आणि गावातल्या प्रत्येकाला त्याच्या कागदाचा अर्थ सांगायला सुरुवात केली.

जमीन घेतली त्यांनी, पण लिंबाची एकशेचाळीस झाडं लावली बायकोने. मागच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. चाळीस झाडं वाळली. उरलेली शंभर तिने बादलीने पाणी घालून जगवली आणि तेव्हापासून तिचा उजवा खांदा हवामानखात्याच्या आधी पाऊस सांगू लागला. आता दुसरा उन्हाळा त्या खांद्याला झेपणार नव्हता. म्हणून पाणी साठवायच्या योजनेचा अर्ज, जमीन परिपत्रकांची म्हणून त्यांच्या नावाने, तिनेच भरला. शेतात तळं खणा, खर्चातला साठ टक्के वाटा सरकारचा, चाळीस तुमचा. सोबत शेताचा नकाशा जोडून तिने लिंबांजवळ, तळं हवं तिथे, एक ठसठशीत फुली मारली होती.

त्याचंच हे उत्तर आलं होतं. परिपत्रकांनी घसा खाकरून वाचलं, "'सदर शेताची पूर्वपाहणी व उत्तरपाहणी करण्यात येईल. पूर्वपाहणीत काम आढळल्यास अर्ज रद्द समजावा.' कळलं?"

"नाही."

"कसं कळेल? पूर्वपाहणी म्हणजे पूर्वेकडून पाहणी. उत्तरपाहणी म्हणजे उत्तरेकडून."

"मग दक्षिण आणि पश्चिम?"

"त्या आपल्या. चार दिशांपैकी दोन त्यांच्या, दोन आपल्या. खर्चात वाटा म्हणतात तो हाच."

"आणि अर्ज रद्द कशाने होईल?"

"पूर्वेला काम केलं तर. जमिनीला उतार कुठे? पश्चिमेला. सरकार तपासतंय की माणसाला उतार कळतो की नाही."

"अहो, पण मी फुली पूर्वेला मारली आहे."

"फुली म्हणजे काय? फुली म्हणजे चूक. तू मारलीस, त्यांनी मान्य केली, आणि कळवलं की इथे नको." परिपत्रकांनी पत्राची घडी घातली. "कचेरी इतकी समंजस असू शकते हे मला नोकरीत असताना कळलं नव्हतं."

बायको त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. आपण लिंबांऐवजी दुसरं काही लावलं असतं तर बरं झालं असतं, असा काहीतरी विचार असावा. पण तिला घाई होती. बहिणीचा पाय मुरगळला होता, दोन दिवस तिच्याकडे जायचं होतं. निघताना ती म्हणाली, "मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

परिपत्रकांनी हात लावला नाही. मशीन लावलं.

मशीन मेहुण्याचं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खोदाईची कामं घेई. दोन दिवस तो मोकळा होता. त्याचा एक मोठा गुण म्हणजे तो एकच प्रश्न विचारत असे.

"दाजी, कुठं?"

"नैर्ऋत्येला."

"म्हणजे कुठं?"

"पंपाच्या खोलीमागे."

"मग मराठीत सांगा की."

तिसऱ्या दिवशी सकाळी बायको परतली आणि फाटकातच थबकली. हातातली पिशवी खाली पडली, ती तिने उचलली नाही. पंपाच्या खोलीमागे एक बस निवांत झोपेल एवढा खड्डा होता, दोन पुरुष खोल. शेजारी त्यातून निघालेल्या मातीचा डोंगर. डोंगरावर नवरा उभा होता, कमरेवर हात ठेवून, किल्ला जिंकल्यासारखा.

"हे काय आहे?"

"तळं," परिपत्रक वरून म्हणाले.

"इथे मुरूम आहे. मुरमात पाणी थांबतं का? पीठ चाळायच्या चाळणीत दूध ठेवाल तुम्ही?"

यावर खानदानी बुद्धीचं काय म्हणणं पडलं असतं ते कळायच्या आत परिपत्रकांचा फोन वाजला.

"जलसंधारण कचेरीतून बोलतेय," एक शांत बाईचा आवाज आला. "आज अकराला पूर्वपाहणीला येतेय. काम सुरू केलं नाही ना?"

"छे छे, पूर्वेला ढेकूळसुद्धा हललेलं नाही," परिपत्रक अभिमानाने म्हणाले.

"पूर्वेला?"

"पूर्वपाहणी ना?"

आता पलीकडून आवाज सावकाश आला, लहान मुलाशी बोलावा तसा. "पूर्वपाहणी म्हणजे कामाच्या पूर्वीची पाहणी. आधीची. काम झाल्यावर होते ती उत्तरपाहणी. येते मी."

फोन बंद झाला. परिपत्रकांनी तो कानाला तसाच धरून ठेवला. तोंडाचा आ झाला होता आणि चेहऱ्याचा रंग धुऊन धुऊन विटलेल्या बनियनसारखा. सत्तावीस वर्षांत कुठल्याही कागदाने त्यांना असा शिक्का मारला नव्हता.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"दिशा नव्हत्या गं त्या."

"मग?"

"काळ होता."

ती मटकन ओट्यावर बसली. मशीन रात्रीच परत पाठवून मागे राहिलेला मेहुणाही बसला. खड्डा तेवढा आपल्या जागी होता तसा होता.

"बुजवायचा का?" मेहुणा म्हणाला. "दोन दिवस लागतील."

"दीड तास आहे."

"मग झाकू."

"अहो, जरा ऐका," बायको म्हणाली. "ती फुली..."

"फुलीचं नाव काढू नकोस," परिपत्रक कळवळून म्हणाले. "अर्ज रद्द झाला तर तुझी लिंबं गेली. मी बादल्या वाहीन पण मला आत्ता बोलू नकोस."

फुलीचं तिच्या तोंडातच राहिलं. बादल्या ते वाहतील या वाक्याने तिला खड्ड्याहून मोठा धक्का बसला होता.

मग परिपत्रकांनी आणि मेहुण्याने खड्ड्यावर दोर ताणले, त्यावर रोपांवर घालायची हिरवी जाळी पसरली आणि वर वाळलं गवत विखुरलं. मातीच्या ढिगाऱ्यावर गवताचे भारे रचून त्याची गंजी केली. लांबून पाहिलं तर शेत शेतासारखं दिसत होतं. जवळून पाहिलं तर काहीतरी लपवलेल्या शेतासारखं दिसत होतं.

अकराला पाहणीबाई आल्या. पायात रबरी बूट, हातात नकाशा, खांद्याला लांब टेप. परिपत्रकांनी त्यांना फाटकापासूनच असं फिरवलं की त्यांची पाठ सतत पंपाच्या खोलीकडे राहावी. त्यासाठी काही वेळ त्यांना स्वतःला उलटं चालावं लागलं.

"तुम्हाला पाठीचा त्रास आहे का?" बाईंनी विचारलं.

"आदर आहे, मॅडम."

बाई लिंबांजवळ पोचल्या, नकाशा पाहिला, जमीन पाहिली. टेप लावून मोजलं. फोटो काढला.

"इथे काहीच नाही, मॅडम," परिपत्रक पुटपुटले.

"तेच बघायला आले आहे. काही नाही याचाही फोटो लागतो." त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. "झालं. निघते."

"झालं?"

"झालं."

परिपत्रकांना क्षणभर ऐकू आलं ते पटेना. बाई आल्या, पूर्वेला गेल्या, पूर्वच बघितली आणि निघाल्या. म्हणजे अर्थ बरोबरच होता! विटलेल्या बनियनला एकदम नीळ चढली. बाईंना गाडीपर्यंत पोचवताना त्यांची जीभ सैल सुटली.

"मी घरात म्हणालोच होतो, मॅडम. कागद वाचायला नुसते डोळे पुरत नाहीत."

"ही गंजी केवढी मोठी," बाई पंपाच्या खोलीपाशी थांबल्या. "जनावरं किती आहेत?"

"एक शेळी," परिपत्रक म्हणाले.

"खाते जरा जास्त," मेहुणा म्हणाला.

"आणि गंजीतून माती का गळतेय?"

"ती, मॅडम, त्याचं असं आहे," म्हणत परिपत्रकांनी बाई आणि गंजी यांच्यामध्ये यायला आदराने एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं. तिसरं पाऊल त्यांनी घेतलं की नाही ते कोणाला दिसलं नाही. दोर तुटल्याचा आवाज झाला, हिरवी जाळी आत ओढली गेली आणि जिथे अर्जदार होते तिथे धूळ उरली.

पाहणीबाईंच्या हातातून टेप सुटला आणि गडगडत गेला. नोकरीत त्यांनी आटलेल्या विहिरी पाहिल्या होत्या, फुटलेले बांध पाहिले होते, पण सपाट जमिनीने माणूस गिळलेला पाहिला नव्हता.

"अहो!" बायको काठाकडे धावली. "लागलं का?"

खालून खोकला आला. मग दबका, पण कर्तव्यदक्ष आवाज. "काम सुरू केलेलं नाही, मॅडम."

माती मऊ होती, हाडं शाबूत होती. तेवढी खात्री झाल्यावर बायकोने सगळं सांगून टाकलं. दिशा, वाटा, फुली म्हणजे चूक. बाई ऐकत राहिल्या. मधे त्यांनी पत्र मागून घेतलं आणि स्वतः दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी नकळत एकदा पूर्वेकडे पाहिलं.

"अर्ज रद्द ना?" बायकोने विचारलं. तिने डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता.

"कशाने? नकाशात फुली लिंबांजवळ आहे, मंजूर जागा ती. तिथे काम नाही. लागा खणायला."

"मी सकाळपासून तेच सांगतेय," बायको खड्ड्याला उद्देशून म्हणाली.

खड्ड्यातून एक शिंक आली.

"हा मात्र उत्तरपाहणीच्या आधी बुजवा," बाई म्हणाल्या. "शेतात दोन तळी दिसायला नकोत."

"बुजवायच्या खर्चात सरकारचा वाटा किती, मॅडम?" खालून प्रश्न आला.

"खड्ड्यात वाटा नसतो. तिथे तुम्ही एकटेच."

मेहुणा शिडी आणायला वस्तीवर गेला. बाईंना पुढच्या शेतावर जायचं होतं. त्यांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून शेरा लिहिला: 'पूर्वपाहणीत मंजूर जागेवर काम आढळले नाही. अर्जदार मात्र अन्य जागी खड्ड्यात आढळले.' खाली अर्जदाराची सही हवी होती. बायकोने लिंबांना पाणी घालायची बादली दोराला बांधली, तिच्यात कागद आणि पेन ठेवलं आणि बादली खाली सोडली.

परिपत्रकांनी डोक्यावरचं गवत झटकलं. चष्म्याची एक काच मातीत गेली होती, दुसरीला तडा होता. तरी त्यांनी कागद दोन्ही हातांनी समोर धरला, मान तिरपी केली, ओठ हलवले. वरच्या दोघी थांबल्या होत्या. बराच वेळ गेला.

मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, तो परत बादलीत ठेवला आणि दोराला हलकेच झटका दिला.

"अगं," ते खालून म्हणाले, "तेवढं जरा तू वाचून दाखवतेस का?"