कापूसचे डोहाळे

मुलांनो, एक ससा डोळ्यांपुढे आणा. पांढरा, लाल डोळ्यांचा, कान उभे. आणलात? आता त्याला थोडा फुगवा. अजून थोडा. उशीएवढा झाला? मग त्या उशीत आणखी कापूस कोंबा, शिवण उसवायला आली की थांबा. हा आमचा कापूस. सुट्टी लागली तेव्हा तो साधा, चपळ ससा होता. सुट्टी सरत आली तेव्हा तो असा दिसत होता, आणि यामागे कोणाचा हात आहे हे कळलं तेव्हा आमच्या घरातल्या चार मोठ्या माणसांची वाचाच बसली.

बेत माझा होता. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांच्या बाबतीत माझा अंदाज कधी चुकत नाही, असं मी त्या काळात भेटेल त्याला सांगत असे.

माझी नात दुसरीत आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती की माझ्या दोन तळव्यांत मावली असती, म्हणून तिचं नाव पडलं टिल्ली. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आम्ही सगळे काचेला नाकं लावून उभे असायचो. तेव्हाच घरातल्या प्रत्येकानं मनाशी शपथ घेतली, की या पोरीच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. ही शपथ सगळ्यांनी इतकी मनापासून पाळली की आता टिल्ली नावापुरतीच टिल्ली उरली. एक जिना चढली की धापा टाकायची.

डॉक्टर म्हणाले, "वजन वयाच्या मानानं बरंच जास्त आहे. आत्ताच लक्ष द्या."

"अहो, बाळसं आहे ते," आजी म्हणाली.

"आजी, बाळसं बाळाला असतं. ही दुसरीत आहे."

घरी आल्यावर मी जाहीर केलं की काळजी नको, मास्तर बसलेत. टिल्लीच्या वर्गात एक ससा होता. सुट्टीत त्याला कोणाच्या तरी घरी ठेवायचं असे. मी तिच्या बाईंना गाठलं. माझा हिशेब सरळ होता. ससा पळणार, सशामागे टिल्ली पळणार, आणि सुट्टी संपेपर्यंत पोरगी हरिणी होणार. एका दगडात दोन पक्षी, आणि दगडसुद्धा शाळेचा.

बाईंनी ससा टिल्लीच्या हातात दिला. "कापूसचं सगळं तूच करायचंस. मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. आणि टिल्ली, सगळ्या वर्गाचा जीव आहे हा. धडधाकट परत आण."

टिल्लीनं सशाला छातीशी धरून मान हलवली. इतकी गंभीर मान मी मोठ्या माणसांचीही पाहिलेली नाही.

सुरुवातीला माझा बेत अगदी झकास चालला. ससा सोफ्याखालून जाई, टिल्ली सोफ्यावरून. मी आरामखुर्चीत बसून स्वतःची पाठ थोपटत होतो. वेळ झाली की टिल्ली वाडगा घेऊन मागच्या गॅलरीत जायची आणि आतून कडी लावायची. कोणी दार वाजवलं तर आतून आवाज यायचा, "मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही." आम्ही कौतुकानं एकमेकांकडे बघायचो.

हळूहळू पळापळ कमी झाली. मी म्हटलं, ससा माणसाळला. मग तो सोफ्याखाली जाईना. मी म्हटलं, समज आली. मग तो एका जागी नुसता पसरून बसू लागला, आणि एक दिवस आजीनं मला खुणेनं बोलावलं.

"अहो, जरा ह्याच्याकडे बघा."

"बघतोय. बसलाय."

"कसा बसलाय ते बघा ना. पाय फाकवून, मागे टेकून. तुमच्या चिरंजीवांच्या वेळी मी अशीच बसायचे."

मी चष्मा पुसला. "म्हणजे?"

"म्हणजे हा ससा नव्हे. सशीण आहे. आणि तिला दिवस गेलेत."

"अगं, पण हा तर एकटाच आलाय."

"शाळेत कोणाला कोणाची संगत लागली हे मास्तरांना कधी कळलंय?"

जेवणाच्या टेबलावर बातमी फुटली आणि त्या क्षणापासून आमच्या घरात 'तो'ची 'ती' झाली.

माझा मुलगा घाबरला. "अण्णा, ही शाळेची वस्तू आहे. आपण एक ससा आणला आणि टोपलीभर परत केले तर बाई काय म्हणतील?"

"वर्ग वाढवा म्हणतील," मी म्हणालो.

सूनबाईनं कपाटाचा खालचा खण रिकामा करून त्यात जुने टॉवेल अंथरले. मुलगा मोबाइलवर वाचत सुटला. "आई, इथं लिहिलंय की वेळ जवळ आली की सशीण स्वतःचे केस उपटून अंथरूण करते. उपटलेत का?"

"नाही अजून."

"मग वेळ आहे."

आजीनं टिल्लीला जवळ घेऊन सांगितलं, "हे बघ, आता ती दोन जिवांची आहे. पोटभर भरव हो."

"म्हणजे जास्त?" टिल्लीनं विचारलं.

"जास्तच."

टिल्लीनं पुन्हा ती गंभीर मान हलवली आणि गॅलरीची कडी लावली.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. एका सकाळी टिल्ली माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"आजोबा, कापूस उठत नाहीये."

कापूस कुशीवर पडला होता आणि भात्यासारखा श्वास घेत होता. आजी ओरडली, "कळा सुरू झाल्या." पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की गाडीत मुलाच्या एका पायात बूट होता आणि एका पायात सूनबाईची चप्पल. आजीनं गरम पाण्याचा थर्मास घेतला होता. टिल्ली टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि कापूसच्या कानात सारखं म्हणत होती, "वर्गाला काय सांगू मी? वर्गाला काय सांगू?"

प्राण्यांच्या दवाखान्यात एक गृहस्थ पोपट घेऊन बसले होते, एक बाई मोठा कुत्रा. आजीनं दारातूनच सांगितलं, "वाट द्या, बाळंतीण आहे." कुत्र्यानंसुद्धा वाट दिली.

डॉक्टरीणबाईंनी कापूसला टेबलावर ठेवलं. पोट चाचपलं. उताणा केला. पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा कापूसकडे.

"दिवस गेलेत असं कोण म्हणालं?"

आम्ही आजीकडे पाहिलं. आजीनं माझ्याकडे पाहिलं.

"हा नर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नीट बघा हो बाई," आजी म्हणाली. "घाईत होतं असं कधीकधी."

"आजी, घाईत असले तरी एवढं मला कळतं."

बाहेरच्या पोपटानं बी फोडलेली आत ऐकू आली. अखेर मुलानं बारीक आवाजात विचारलं, "मग पोटात काय आहे?"

"चरबी. पोटात आहे, मानेखाली आहे, काळजाभोवतीही असणार. म्हणून धाप लागलीये. याला वळून स्वतःचं अंग चाटता येत नाही, तळपायांना फोड आलेत. आणखी काही दिवस हे असंच चाललं असतं, तर हा ससा शाळेत परत गेला नसता."

टिल्लीनं टेबलाची कड घट्ट धरली. "मरेल?"

"आज नाही. पण हा काय खातो आणि कसा खातो, ते मला आधी कळलं पाहिजे. याला भरवतं कोण?"

मग जी झुंबड उडाली, ती विचारू नका. "मी बोटही लावलेलं नाही," मुलगा म्हणाला. "मी तर फक्त टॉवेल घातले," सूनबाई म्हणाली. "माझ्याकडे बघू नका," आजी म्हणाली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "शाळेचा नियम होता, डॉक्टर. आम्ही मध्ये पडलो नाही."

टिल्लीनं वर्गात करतात तसा हात वर केला. "मी भरवते."

"काय भरवतेस?" सूनबाईनं विचारलं. "गवत ना?"

"गवत देते. मग जेवण."

"कसलं जेवण?"

"आपलं."

डॉक्टरीणबाई तिच्या उंचीला खाली वाकल्या. "मला दाखवशील? अगदी घरी भरवतेस तसं?"

आजीच्या पिशवीत बिस्किटं होतीच. टिल्लीनं एक घेतलं, कापूससमोर उभी राहिली, एक हात कमरेवर ठेवला आणि मान एका बाजूला कलती केली. "हा घास चिऊचा. हा घास काऊचा. हा घास आजीचा. आजीचा घास नाही खाणार? मग आजी रडणार हं." आणि ती रडली. आवाज इतका हुबेहूब होता की मी वळून खऱ्या आजीकडे पाहिलं. खऱ्या आजीचं तोंड उघडं होतं.

मग टिल्ली खुर्चीवर बसली. समोरच्या भिंतीवर नजर लावली आणि नजर न हलवता हात पिशवीत घातला. एक बिस्किट स्वतःच्या तोंडाकडे, एक सशाच्या. एक स्वतःच्या, एक सशाच्या.

"हे कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाबा. टीव्ही लागलाय."

मुलानं चप्पल घातलेला पाय बूट घातलेल्या पायामागे लपवला.

"आता आई," टिल्ली म्हणाली. "उडी मारलीस? शहाणं बाळ, हे घे बिस्किट. पडलास? रडू नको, हे घे बिस्किट." मग तिनं हवेतला फ्रिज उघडला, उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकलं, आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "मी डाएटवर आहे. हे शेवटचं."

सूनबाई खाली बसली.

खरं सांगतो, मला आतून बरं वाटत होतं. एकेक विद्यार्थी फळ्यासमोर नापास होत होता आणि मास्तर मागच्या बाकावर सुखरूप होते. मी सहानुभूतीनं मान हलवायला सुरुवात केली. तेवढ्यात टिल्लीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. हनुवटी छातीत रुतवली. नाकावर नसलेला चष्मा वर सरकवला.

"ताट स्वच्छ झालं पाहिजे," ती कापूसला म्हणाली. "एक कण टाकायचा नाही. जगात किती ससे उपाशी झोपतात, माहीत आहे?"

डॉक्टरीणबाईंचा मदतनीस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे गदागदा हलत होते. दारात पोपटवाले गृहस्थ येऊन उभे होते, तेही पोपटासकट.

कापूसपुढे बिस्किट अजून धरलेलंच होतं. त्यानं ते हुंगलं आणि तोंड डावीकडे फिरवलं. टिल्लीचा हातही डावीकडे गेला. त्यानं उजवीकडे फिरवलं. हात उजवीकडे आला. डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट अलगद धरलं.

"त्यानं तोंड फिरवलं. म्हणजे काय?"

"म्हणजे दुसऱ्या बाजूनं भरवायचं."

"म्हणजे त्याचं पोट भरलं. त्यानं तोंड फिरवलं की आपण थांबायचं."

टिल्लीनं हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं. "लगेच?"

"लगेच."

"आजीचा घास राहिला असला तरी?"

"तरी."

"ताटात उरलं असलं तरी?"

"तरी."

"आणि माणसांनी तोंड फिरवलं तर?"

मदतनीसाचे खांदे थांबले.

"मी पण फिरवते," टिल्ली म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. आज शाळा नाही, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

मुलांनो, ती फिरवते हे मी रोज पाहत होतो. जेवताना मध्येच ती खिडकीकडे बघायची. मला वाटायचं, पोरगी पाखरं बघतेय. आणि पाखरं बघताना तोंड जरा उघडं असतं, म्हणून मी तेवढ्यात घास घालायचो.

डॉक्टरीणबाईंनी कापूसला औषध दिलं. बिस्किटं, पाव, केक सगळं बंद. उपाशी मात्र मुळीच ठेवायचं नाही, तेही सशाच्या जिवावर बेततं. सुकं गवत भरपूर, थोडा ताजा पाला, पाणी, आणि गवताच्या जुड्या घरभर ठेवायच्या, म्हणजे शोधत फिरेल. निघताना आजीनं हळूच विचारलं, "आणि पोरीचं काय करायचं?"

"माणसं माझ्याकडे येत नाहीत, आजी. पण पोरीचे डॉक्टर तुम्हाला याबद्दल आधीच बोलले असतील."

ते बोलले होते. आम्ही बाळसं म्हणून सोडून दिलं होतं.

घरी आल्याबरोबर टिल्लीनं फोन मागून घेतला. "बाई, कापूस मरणार नाहीये. पिल्लंपण होणार नाहीयेत, तो मुलगा आहे. मी त्याला आमच्यासारखं भरवलं म्हणून तो जाडा झाला. बरा झाला की आणू?" पलीकडून बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण टिल्लीनं डोळे पुसले आणि ती हसली. मग तिनं घरभर गवताच्या जुड्या ठेवल्या. एक माझ्या आरामखुर्चीखाली.

रात्रीचं जेवण आम्ही परीक्षेला बसल्यासारखं जेवलो. टीव्ही बंद होता, त्यामुळे मुलाला कुठं बघावं ते कळत नव्हतं. सूनबाई सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसली होती. आजी स्वतःच्या उजव्या हातावर बसली होती आणि डाव्या हातानं जेवत होती. टिल्ली जेवली. मजेत जेवली. मग तिचा चमचा थांबला आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. ताटात बरंच उरलं होतं.

चार चमचे हवेत थांबले. "अगं, एक..." आजी म्हणाली, आणि पुढचा शब्द तिनं पाण्याबरोबर गिळला. मला आमच्या घराचा अभिमान वाटला.

पण अन्न ते अन्न. तिला नको तर नको, वाया कशाला घालवायचं? माझं पोट गच्च भरलं होतं, पट्टा मी मघाशीच सैल केला होता. तरी मी तिचं ताट हळूच माझ्याकडे ओढलं आणि चमचा भरला.

टिल्ली खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली. चमचा माझ्या हातातून काढून ताटात ठेवला. मग तिनं माझे दोन्ही गाल धरले, माझं तोंड अलगद खिडकीकडे फिरवलं, आणि ते परत वळू नये म्हणून तसंच धरून ठेवलं.