तीन नंबरच्या इलेक्ट्रोडचा सातबारा

जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतल्या तीन नंबरच्या इलेक्ट्रोडवर बसलेल्या साबणाच्या रेणूंच्या नावे सोमवारी सातबारा निघाला. उतारा द्यायला तलाठी मुळीक स्वतः आले. इलेक्ट्रोडचं टोक मसुराच्या दाण्याएवढं, पण मोजणी रीतसर झाली होती आणि चतुःसीमाही लिहिल्या होत्या.

तिथली रसायनतज्ज्ञ वृषाली टेंभे उतारा वाचता वाचता लालबुंद झाली. पाण्यातलं शिसं मोजायची तिची रीत सरळ होती. शिसं आधी इलेक्ट्रोडवर येऊन बसायला हवं, मग विजेचा दाब बदलून त्याला उठवायचं. उठताना ते जो प्रवाह देतं त्याचा कागदावर सुळका उमटतो. बसलंच नाही तर उठणार काय, कपाळ? आणि बसायला जागा होती कुठे, साबण ऐसपैस पाय पसरून बसला होता.

समोरच्या बाकावर कोरेवस्तीच्या अंगणवाडी सेविका शेवंताबाई बसल्या होत्या. वस्तीला लागूनच जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायची भट्टी होती. हातपंपाचं पाणी पिणाऱ्या बावीस मुलांची पोटं दुखत होती, काहींच्या हिरड्यांवर निळी रेघ आली होती. पाण्याचा क्यान घेऊन यायची बाईंची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा अहवाल गेला होता, 'शिसे आढळले नाही'. पंप सुरूच होता.

"आत्ता पॉलिश करते. दोन मिनिटांत सगळे खाली," वृषाली म्हणाली.

"तसं चालणार नाही, मॅडम. कब्जेदाराला तीस दिवसांची नोटीस लागते," मुळीक म्हणाले.

"आणि शिसं बाहेर ताटकळतंय त्याचं काय?"

"ज्याला बसायला जागा नाही, तो दप्तरी नाही."

"आम्ही गणपतीपासून राहतो इथं," इलेक्ट्रोडवरून एक वयस्कर रेणू म्हणाला. "कोरेवस्तीच्या क्यानमधून आलो. दर खेपेला आमची माणसं वाढतात."

शेवंताबाई चपापल्या. "ताई, क्यान मी दर बारीला साबणानं घासून आणते. सायबांच्या हापिसात मळका क्यान कसा आणायचा? पहिल्या डावाला काय सापडलं न्हाई, म्हणून पुढल्या डावाला दोनदा घासला." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "म्हंजे ह्यांना मीच आणलं व्हय?"

वृषालीला बाईंचा राग आला नाही. स्वतःचा आला. क्यान कसा धुवायचा हे दोन खेपांत तिने एकदाही सांगितलं नव्हतं. तो सगळा राग मग मुळीकांवर निघाला. "लाज नाही वाटत? मुलं विष पितायत आणि तुम्ही साबणाच्या चतुःसीमा लिहिताय! शिशाला जागा द्या आधी!"

मुळीकांनी शांतपणे दुसरी वही उघडली. "शिशाला घर नाही असं कोण म्हणतं? ही नोंद बघा. मुक्काम कोरेवस्ती, बावीस मुलांची हाडं. कब्जेदार, शिसे. एक घर असताना दुसरं देता येत नाही."

शेवंताबाईंनी वहीतली नावं एकेक करून वाचली. सगळी बरोबर होती.

वृषालीने काचेवर फडकं ताणलं, त्यावर पांढरी पूड ओतली आणि आठाचा आकडा गिरवत इलेक्ट्रोड घासायला लागली. दातओठ खाऊन घासत राहिली.

"पंचनामा करावा लागेल," मुळीक म्हणाले.

"करा!"

साबण बोंबलत खाली आला. क्यानमधल्या पाण्याला तिने हातही लावला नाही. बाईंच्या पिशवीत प्यायची बाटली होती, त्याच पंपावर नुसती विसळून भरलेली, अर्धी संपलेली. तिने ती घेतली. शिसं येऊन बसलं, उठलं, आणि सुळका कागदाच्या वरच्या कडेबाहेर गेला.

बुधवारी हातपंपाचा दांडा काढून नेला. टँकर येऊ लागला.

बेदखल केलेल्या साबणाचं पुनर्वसन वृषालीच्या उजव्या तळहातावर झालं. तिला आता हात धुवायला लेखी परवानगी लागते, म्हणून ती डाव्या हाताने जेवते.

मुलांच्या हाडांतल्या ताब्याविरुद्ध तिने त्याच आठवड्यात अर्ज दिला. मुळीकांनी तो लगेच दाखल करून घेतला आणि सुनावणीची तारीखही दिली. वस्तीतला सगळ्यात धाकटा, आज दोन वर्षांचा असलेला इंद्रजित, त्या तारखेला तिशीचा असेल. शेवंताबाईंनी ती तारीख अंगणवाडीच्या भिंतीवर, मुलांच्या वजनाच्या तक्त्याशेजारी, खडूने लिहून ठेवली आहे. पुसट झाली की त्या पुन्हा गिरवतात.