हिराजीचा दुसरा नारळ

१९८४ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, कॅनडात गाडी चालवत होतो, आणि शेजारी बसलेला हिराजी दर अर्ध्या तासाने ओरडत होता, "थांबव रं इसराम, चाखतो!"

चाखायचा काय, तर समुद्र. गाडी थांबली की हा कोट सावरत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरायचा, पाण्यात बोट बुडवायचा, चाटायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग निकाल. "अळणी." पुढच्या ठिकाणी, "हितं जरा बरा हाय." हा सगळा एकच समुद्र आहे असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "चाखल्याबिगर मी मानत नाय."

मी कॅनडात गाडी चालवली यावर आमच्या मरोळमध्ये अजून निम्मी माणसं विश्वास ठेवत नाहीत. नका ठेवू. चौथी शिकलो, पण तीस वर्षं टेम्पो हाकला आणि एकदाही कुणाला घासला नाही. अंधेरीहून परदेशात चालणारं लायसन रीतसर काढून नेलं होतं. माझा मुलगा प्रकाश तिकडे हॅलिफॅक्सला असतो. त्याने आपली जुनी गाडी दिली आणि म्हणाला, "बाबा, इथे उजव्या बाजूने चालवतात." म्हटलं, "चालवू दे. मी बघतो."

हिराजी वेसाव्याचा कोळी. त्याची मासळी माझ्या टेम्पोतून बाजारात जायची, तेव्हापासूनची दोस्ती. मी प्रकाशकडे निघालो तेव्हा हा म्हणाला, "मी पन येतो. किनारा बघाया." सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं की त्याच किनाऱ्यावर, प्रकाशच्या घरापासून तीन तासांवर, ह्याची मुलगी सुनंदा राहते. नर्स म्हणून गेली आणि तिथल्याच एका गोऱ्या मच्छीमाराशी लग्न करून मोकळी झाली. बापाला विचारलं नाही. सहा वर्षं हा तिच्याशी बोलला नव्हता. तिची पत्रं यायची, हा न फोडता देव्हाऱ्यामागे ठेवायचा.

"तिच्याकडं नाय चाललो हां," विमानात त्याने मला तीनदा बजावलं. मी विचारलंही नव्हतं.

त्याच्या पिशवीत एक नारळ होता. विमानतळावरच्या साहेबाने तो कानाशी धरून हलवून पाहिला. हिराजी मराठीतच त्याच्यावर खेकसला, "देवाचा हाय! हलवू नको!" साहेबाला काय कळलं कोण जाणे, त्याने दोन्ही हातांनी परत दिला.

नारळ बघून मला हसू आलं. कारण ह्याची होडी एक, पण गेली काही वर्षं नारळी पुनवेला हा दर्यात नारळ दोन सोडायचा. कोळीवाड्यातली पोरं चिडवायची, "हिराजीकाका, दुसरी होडी कुठं लपवली?" हा म्हणायचा, "दर्या मोठा हाय. एकानं काय होतंय?"

तर तीन तासांचा रस्ता आम्ही तीन दिवस चालवत होतो. समुद्र चाखायचा, बंदर दिसलं की बंदर बघायचं, जाळं दिसलं की त्याच्या गाठी मोजायच्या. एका धक्क्यावरून बोटी बाहेर पडताना बघितल्या आणि हा गाडीतून उडी मारून धावला. दोन्ही हात वर करून बोंबलायला लागला, "ओ! परत फिरा! अजून पुनव झाली नाय! नारळ दिला नाय!" बोटीवरच्या माणसांनी आनंदाने हात हलवले. एकाने टोपीसुद्धा काढली.

हा तोंड पाडून गाडीत बसला. "नारळ न देता जातात रं. भर पावसाळ्यात गेल्यासारकं. ह्यांना कोन सांगनार?" मग खिडकीबाहेर बघत पुटपुटला, "त्याला पन कुनी सांगितलं नसंल."

तो कोण, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनंदाच्या गावाची पाटी आली. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण प्रकाशने गावाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, अक्षरं जुळवली. "सरळ चल," हिराजी म्हणाला. "पुढचा दर्या चाखू."

मी गाडी बाजूला घेतली आणि चावीच काढली. रागावलो की मी मालवणीवर येतो. "मेल्या, तुका जावचा नाय होता तर इलंस कित्याक?"

"किनारा बघाया."

"तीन दिवस बघितलास. संपलो किनारो."

त्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "तिनं दार नाय उघडलं तर?"

एवढा दर्यावर्दी माणूस. वादळात होडी आणलेली. आवाज मात्र एवढासा झाला होता.

"नाय उघडलं तर मी आहे ना," मी म्हटलं. "पुढचा समुद्र चाखू."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "आज पुनव हाय," म्हणाला. "वळव."

निळं लाकडी घर. अंगणात जाळी वाळत घातलेली, अगदी वेसाव्यासारखी. दार सुनंदानेच उघडलं. बापाला बघून तिने तोंडावर हात धरला. "बा!"

हिराजी तिच्याकडे बघेना. जाळ्यांकडे बघत म्हणाला, "बोट कुठं हाय?"

"आत तरी ये, बा."

"आदी बोट."

मागे छोटा धक्का होता. जावई बोट धूत होता. लाल दाढीचा उंच गडी. सासरा येताना बघून हातातला ब्रश घेऊन तसाच उभा राहिला. हिराजीने पिशवीतून नारळ काढला, हळद-कुंकू लावलं, सोन्याचा नारळ दिसावा म्हणून चॉकलेटचा सोनेरी कागद गुंडाळला. पाण्याच्या कडेला वाकला आणि त्याला वाटलं, आम्हाला ऐकू जात नाही.

"दर्याराजा," तो म्हणाला, "सहा वर्सं ह्याचा नारळ वेसाव्यातून सोडतोय. येवढ्या लांब पोचला का नाय, मना ठावं नाय. म्हनून आज हातानं द्याया आलो. पोऱ्याला सांभाळ." आणि नारळ हलकेच पाण्यात सोडला.

सुनंदा रडत होती. तिने नवऱ्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, त्याने टोपी काढली आणि ती छातीशी धरून उभा राहिला. मी समुद्राकडे बघत राहिलो. कोळीवाड्यातल्या पोरांबरोबर त्या दुसऱ्या नारळावर मीही हसलो होतो.

संध्याकाळी सुनंदाने माशाचं कालवण केलं. हिराजीने बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. आम्ही तिघं थांबलो.

"आयशीचा हात हाय," तो म्हणाला, आणि चार वेळा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून धक्क्यावर गेलो. बघतो तर नारळ भरतीबरोबर परत येऊन दगडांत अडकलेला, सोनेरी कागदासकट. मी असलं काही मानत नाही. तरंगणारी वस्तू आहे, येणारच. पण हिराजी मानतो. उचलला आणि फेकला. परत आला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. शेवटी मलाही हट्ट चढला. कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात गेलो. पाणी कसलं, बर्फच. दात वाजवत उभा राहिलो, आणि पाणी ओसरायला लागल्यावर सगळा जोर लावून भिरकावला. खडकाला वळसा घालून गेला. दिसेनासा होईस्तोवर मी हललो नाही.

घरात आलो तेव्हा हिराजी मुलीसमोर बसून बशीतून चहा पीत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय रं इसराम, पडलास?"

"चाखायला गेलो होतो," मी म्हटलं.