दुसऱ्या घरचा बसीसा

रविवारी दुपारी वसीलानं नवऱ्याची सायकलची जर्सी धुवायला घेतली, तेव्हा मागच्या खिशात तिला एक तेलकट गोळा सापडला. तिनं तो नाकाशी नेला, चिमूटभर तोंडात टाकला आणि मशीन तसंच उघडं ठेवून ती बाहेरच्या खोलीत आली. मोंजी सोफ्यावर पाय वर करून पडला होता.

"हा बसीसा कुणाचा?"

मोंजीनं डोळे उघडले नाहीत. "कुठला बसीसा?"

"यात बडीशेप आहे. आपल्याकडे घालत नाहीत. माझ्या आईनं घातली नाही, आजीनं घातली नाही. बसीशात एवढी बडीशेप ओतणारी एकच बाई अख्ख्या सफाक्समध्ये मला माहीत आहे."

ती बाई म्हणजे नजात, मोंजीच्या मित्राची, तिजानीची बायको. आता डोळे मिटून भागणार नव्हतं.

खिशात परक्या बाईचा रुमाल सापडला असता, तर वसीलानं निदान खुलासा तरी ऐकला असता. पण गहू, हरभरे, मसूर भाजायचे, दळायचे, ते पीठ ऑलिव्हच्या तेलात आणि खजुरात मळून बसीसा वळायचा, हे ती लग्न झाल्यापासून करत आली होती, आणि मोंजी ते ताटातून बाजूला सारत आला होता. "हे बाळंतिणीचं खाणं," असं तो म्हणायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, पण गिऱ्हाइकाला चष्म्याआधी व्याख्यान मिळे: सायकलच्या लांबच्या फेरीत भूक लागायच्या आधी खावं, तहान लागायच्या आधी प्यावं, थोडं थोडं पण सारखं. स्वतः मोंजी पॅरिसहून भाच्यानं पाठवलेल्या पुड्यांतला चिकट गोड रस चोखत असे. एखाद्या आजोबांना वाचायचा चष्मा हवा असला तरी त्यांना त्या पुडीची माहिती मिळायचीच.

त्याच्या या विद्वत्तेला सुरुंग लावला तो तिजानीनं. तिजानी दातांचा डॉक्टर, शाळेतला सोबती, खाण्यापिण्याला सैल. गेल्या वर्षी त्यानं हौस म्हणून सायकल घेतली आणि उन्हाळा यायच्या आत तो मोंजीला मागे टाकू लागला. तेही दमून नाही, तर गप्पा मारत. मोंजी त्याच्या पोटऱ्यांकडे अशा नजरेनं बघे, जशी माणसं शेजाऱ्याच्या नव्या मोटारीकडे बघतात.

त्या रविवारी तर कहर झाला. एल जेम गावाच्या अलीकडे मोंजीच्या पायांतलं बळ एकाएकी गेलं. रस्ता सपाट होता, पण तो डोंगर चढत असल्यासारखा झुलत होता. पुड्या संपल्या होत्या. तिजानी मागे वळून आला आणि खिशातून गोळा काढून म्हणाला, "खा. नजातनं केलाय." मोंजीनं खाल्ला. हळूहळू पाय ताळ्यावर आले, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला. ही बाई यात घालते तरी काय, ते घरी नीट बघावं म्हणून त्यानं आणखी एक मागून घेतला आणि खिशात टाकला.

एवढं सगळं त्यानं वसीलाला सांगितलं.

"म्हणजे माझा नको. तिचा चालतो."

"अगं, मी मरायला टेकलो होतो."

"मग मरायचं होतंस. माझा मान तरी राहिला असता."

सायकल क्लबची वर्षाची मोठी फेरी जवळ आली होती. सफाक्सहून महदियापर्यंत सायकली जायच्या, बायका मोटारीनं पुढे जायच्या, आणि सगळे मिळून बंदरावर मासे खायचे. वसीलानं कढई चढवली. माहेरहून तेल मागवलं. पिस्ते आले, बदाम आले, तीळ आले. भाजण्याच्या वासानं गल्लीतली मांजरं खिडकीखाली येऊन बसली. तयार झालेला पहिला गोळा तिनं मोंजीच्या हातावर ठेवला. खरं सांगायचं तर तो अप्रतिम होता. पण तसं म्हटलं असतं तर इतकी वर्षं काय करत होतास, असा प्रश्न आला असता.

"चांगला आहे," मोंजी म्हणाला.

"चांगला की तिच्यापेक्षा चांगला?"

"तिच्यापेक्षा."

"मग महदियाला पोचशील तेव्हा एकही गोळा शिल्लक दिसता कामा नये. मी खिसे बघणार आहे."

फेरीच्या सकाळी तिनं आधी वाडगाभर बसीसा पाण्यात कालवून त्याला पाजला. मग जर्सीचे तिन्ही खिसे भरले. उरलेले गोळे एका पिशवीत घालून ती पिशवी हँडलला बांधली. मोंजी निघाला तो सासरी निघालेल्या नवरीसारखा, सामानासकट.

गावाबाहेर पडतानाच त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं. आणखी एक गोळा खाणं शक्य नव्हतं, आणि धान्य रस्त्यात टाकणं पाप होतं. मग त्यानं ते वाटायला सुरुवात केली. एकाला दोन, दुसऱ्याला तीन. क्लबातली पोरं खूश झाली. वासानं तिजानीही बाजूला आला.

"मला दे की रे."

"तुझा आहे ना तुझ्याकडे?"

"तोच तोच खाऊन जीव विटला बाबा."

मोंजीचं मन आधी नाही म्हणालं. मग त्याच मनात एक विचार आला. आपलं पोट जड झालंय, तसं याचंही होऊ दे की. त्यानं हँडलची अख्खी पिशवी सोडून तिजानीच्या हाती दिली. "घे, लाजू नकोस. संपव सगळा. वसीलाला वाईट वाटेल."

तिजानी लाजला नाही. चारचौघांसारखं थोडं थोडं खात, घोट घोट पाणी पीत तो पुढे सरकला, आणि एल जेम मागे पडलं तसा दिसेनासाच झाला. बाकीचेही त्याच्यामागे उडाले. समोरून वारा सुटला. मोंजीचं पोट एव्हाना हलकं झालं होतं, मग अगदी रिकामं झालं, मग पाय पुन्हा झुलू लागले. त्यानं तिन्ही खिसे चाचपले. बोटाला तीळ लागले तेवढे त्यानं चाटले.

तो महदियाला पोचला तेव्हा ताटांत काटे उरले होते.

त्याआधी काय घडलं ते त्याला नंतर कळलं. तिजानी सगळ्यांच्या आधी पोचला होता आणि सायकलवरून उतरायच्या आत म्हणाला होता, "वसीला वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही. असा बसीसा मी जन्मात खाल्ला नव्हता."

त्याच्या शेजारी नजात उभी होती. "जन्मात?" एवढंच तिनं विचारलं, आणि जेवण संपेपर्यंत ती लिंबू पिळण्यापुरतीसुद्धा त्याच्याकडे वळली नाही.

वसीलानं मोंजीचे खिसे उलटे करून पाहिले. रिकामे होते. पण ती प्रसन्न दिसत होती ती त्यामुळे नव्हे.

"सगळ्यांनी खाल्ला, सगळ्यांना पंख फुटले," ती म्हणाली. "तू एकटाच मागे. म्हणजे दोष बसीशात नाही."

आपणच तो वाटला, हे मोंजीला सांगता येईना. आपण उपाशी आलो, हे तर मुळीच नाही.

त्याच आठवड्यात एके दिवशी तिजानी दुकानात आला. चष्मा लावून पाहिल्यासारखं करत त्यानं दाराकडे एक नजर टाकली. "घरी फार अवघड झालंय रे. नजात बोलत नाही. बोलते तेव्हा बसीशावरच बोलते. पण वहिनींचा थोडा मिळाला तर... तू तुझ्या खिशातून आणशील?"

"नाही," मोंजी म्हणाला. कित्येक महिन्यांत एवढं सुख त्याला झालं नव्हतं. तिजानी गेल्यावर त्यानं गिऱ्हाइकाला चष्म्यात सूटही दिली.

रविवारी पहाटे तो निघाला तेव्हा ओट्यावर दोन पुरचुंड्या तयार होत्या. एक लहान, एक चांगली भरलेली. मोंजीनं भरलेली उचलली.

"ती तिजानीची," वसीला म्हणाली. "त्याचा निरोप आला होता. लहान तुझी."

"त्याला एवढा कशाला?"

"तो पुढे असतो ना. पुढच्याला जास्त लागतो."

मोंजीनं दोन्ही खिशात टाकल्या. सायकल दाराबाहेर काढून तो टांग टाकणार, तोच आतून आवाज आला.

"वाटेत त्याच्यातला खाऊ नकोस. मी विचारणार आहे त्याला."